सत्तारच्या घरचं लिव्हरचं दही

आमच्या वणीत कुणाचं लिव्हर बिघडलं असं कानावर आलं, की माणसं आधी त्याच्या तोंडाजवळ जाऊन वास घेतात. बसस्टँडसमोर सत्तावीस वर्षं औषधाचं दुकान चालवून मी एवढं शिकलो की आपल्याकडे प्रत्येक अवयवाची एक अब्रू असते. मूतखडा पडला तर माणूस तो डबीत घालून मित्रांना दाखवतो. बायपास झालेला शर्टाची वरची दोन बटणं मुद्दाम उघडी ठेवतो. पण ‘फॅटी लिव्हर’ असं लिहिलेला रिपोर्ट चार घड्या घालून आणला जातो, काउंटरवर दुसरं कोणी नाही असं बघून उघडला जातो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “भाऊ, मी घेत नाही बरं का.”

मी म्हणतो, “मीही घेत नाही. आणि मलाही आहे.”

त्यावर समोरचा माझ्या पोटाकडे बघतो आणि त्याला एकदम धीर येतो. औषधवाल्याच्या पोटाचा समाजाला झालेला एवढाच उपयोग.

ज्यांना हा आजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण खातो ते जास्त झालं आणि खर्ची पडलं नाही, की शरीर त्याची चरबी करून ठेवतं. पोटावर जागा संपली की ती लिव्हरमध्येही साठायला लागते. दारूनं होतं हे खरं, पण जिलेबीनं, बैठ्या कामानं आणि साखरेच्या आजारानंही होतं. दुखत काही नाही. सोनोग्राफीत लिव्हर नेहमीपेक्षा पांढरं दिसतं आणि डॉक्टर ‘ग्रेड एक’ किंवा ‘ग्रेड दोन’ असं लिहितात. वेळीच वजन उतरवलं तर बहुतेकांचं लिव्हर माघारी येतं. नाही उतरवलं, तर काहींचं कडक होत जातं, आणि मग पोटात पाणी भरतं.

हे शेवटचं मी माझा वर्गमित्र सत्तार याच्या घरी पाहिलेलं आहे. सत्तारचं रेडिएटरचं गॅरेज माझ्या दुकानाला लागूनच. कोळशाचे ट्रक उन्हाळ्यात तापून वाफा सोडायला लागले की त्याच्याकडे येतात, आणि त्यांचे ड्रायव्हर डोकेदुखीची गोळी घ्यायला माझ्याकडे. त्याचा थोरला भाऊ रज्जाकभाई अगदी पापभीरू माणूस. दारू सोडा, पानही न खाणारा. फक्त गोडाचा शौकीन, आणि शुगर होती. शेवटी पोटात पाणी होऊन गेला. मयतीला दोघंतिघं आपसात कुजबुजले, “लपून घेत असन.” सत्तार दोन पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं. तेव्हापासून तो लिव्हर हा शब्द उच्चारत नव्हता.

दोन वर्षांमागे हिवाळ्यात त्याचं पोट फुगायला लागलं. एकटा सोनोग्राफीला जायला तयार होईना. “तू बी चाल,” म्हणाला. “दोघं गेलो तं लोकं म्हणतीन, शरद्याचं पोट दाखवाले नेऊन राह्यला.” मी गेलो. मैत्रीखातर माणूस काहीही दाखवतो.

रिपोर्ट आले : सत्तार ग्रेड दोन, मी ग्रेड एक. शाळेत गणितात आमचे नंबर याच क्रमानं असायचे, फक्त तिथं पहिला आल्याबद्दल बक्षीस मिळायचं.

आमच्या डॉक्टर मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या. सत्तारला म्हणाल्या, “चाचा, तुमच्या भावाच्याच रस्त्यावर चाललात. पण अजून वळायला जागा आहे. वजन आठ-दहा किलो उतरवा, रोज पाऊण तास चाला, साखर बंद, शुगरची गोळी चुकवू नका. चार महिन्यांनी पुन्हा तपासू.” आणि पोट फुगतं म्हणून महिनाभर रोज एक प्रोबायोटिकची पुडी लिहून दिली. नीट लक्षात ठेवा, पुडी पोट फुगण्यासाठी होती. हे मॅडमना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पुढं जे झालं ते मला ठाऊक असूनही झालं, म्हणून तर लिहायला बसलो.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत, उपकारी जंतू. जंतू मारायचं औषध विकण्यात माझी हयात गेली, आणि आता जंतूच विकायचे, याचं मला सुरुवातीला हसू यायचं. गिऱ्हाइकांना तर पटता पटत नसे. एक काका आले होते, कांदासुद्धा न खाणारे. “जित्ते असते म्हन्ता? मंग हा मांसाहार झाला ना?” मी म्हटलं, “काका, दह्यातही असतात.” काकांनी त्या दिवसापासून दही सोडलं, आणि काकूंनी माझ्या दुकानात येणं सोडलं. एका ड्रायव्हरनं पुड्या ट्रकच्या काचेमागे ठेवून मे महिन्यात चंद्रपूरच्या चार खेपा केल्या आणि मला विचारलं, “अजून जित्ते असतीन का हो?” मी म्हटलं, “तू कसा आहेस?” म्हणाला, “अर्धा.” “मग तेही तेवढेच.”

आता माझा शहाणपणा. त्याच हिवाळ्यात एका औषध कंपनीनं आम्हा दुकानदारांना यवतमाळला हॉटेलात बोलावलं. विषय होता आतड्यातले जंतू आणि लिव्हर. दोन तासांचं भाषण फॅटी लिव्हरवर, आणि मागून जेवायला पुऱ्या, पनीर, भजी आणि गुलाबजाम. मी गुलाबजाम तीन खाल्ले. भाषण मात्र मन लावून ऐकलं, आणि ते होतंही छान. आतड्यातलं रक्त सरळ लिव्हरकडे जातं. आतड्यात वाईट जंतू माजले आणि आतड्याचं अस्तर सैल झालं, तर त्यांचं विष त्याच रक्तातून लिव्हरच्या दारात जाऊन पडतं, आणि आधीच चरबीनं बेजार झालेलं लिव्हर सुजतं. चांगले जंतू पोटात घातले तर ही गळती कमी होईल का, लिव्हरची सूज उतरेल का, यावर जगभर संशोधन चालू आहे. काहींच्या रक्ततपासणीत थोडी सुधारणाही दिसली आहे. हा झाला अर्धा भाग.

उरलेला अर्धा असा : हे अजून पक्कं नाही. कोणते जंतू, किती, किती दिवस, कुणाला, काही ठरलेलं नाही. वजन उतरवण्याची जागा कुठलीच पुडी घेत नाही.

यवतमाळहून परत येताना बसमध्ये मी स्वतःला निम्मा डॉक्टर समजत होतो. दुसऱ्याच दिवशी सत्तार पुड्या घ्यायला आला.

“काय बे, हे गॅसचंच हाये ना?”

“गॅसचं?” मी आवाज खाली आणला. ज्ञानी माणूस हळू बोलतो असा माझा समज. “अबे, तुझ्या लिव्हरचं औषध यातच निघेल असं म्हणतात आता.” आणि मी त्याला आतडं, अस्तर, रक्त, विष, सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. खालचा पाइप गळतोय, घाण सरळ रेडिएटरमध्ये चाललीय, आणि या पुडीतले मिस्त्री जाऊन तो पाइप सांधतात. सत्तारचे डोळे चमकले. माणसाला स्वतःच्या धंद्यातली गोष्ट लगेच पटते.

“पण हे बघ—” असं मी म्हटलं आणि उरलेला अर्धा भाग सुरू करणार, एवढ्यात एक बाई थर्मामीटर नाचवत आली. “भाऊ, याच्यात ताप दिसूनच नाही राह्यला.” थर्मामीटर उलटा धरला होता. तो सुलटा करून, बटण दाबून, तिच्यासमोर स्वतःच्या काखेत लावून दाखवेपर्यंत पाच मिनिटं गेली. वळून बघतो तो सत्तार गेलेला.

औषधाच्या दुकानात बोलणं असंच असतं. कोणतंही वाक्य पूर्ण होईल याची खात्री नसते. म्हणून जुने दुकानदार महत्त्वाचं आधी सांगतात आणि मजेचं मागून. मी सत्तावीस वर्षांचा जुना. त्या दिवशी मात्र मजेचं आधी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग परवा. शेजारच्या गॅरेजातल्या माणसाला एक वाक्य सांगायला मला चार महिने वेळ मिळाला नाही.

तिकडे सत्तारच्या घरी त्या अर्ध्या भागाचा संसार सुरू झाला. त्याची बायको नसीमभाभी दही लावण्यात मोहल्ल्यात नावाजलेली. नवऱ्यानं तिला सांगितलं की पुडीत जिवंत जंतू असतात, दह्यातल्यासारखे. भाभी म्हणाली, “तर मग रोज पुडी कायले पाह्यजे? मी वाढवतो ना त्याइले.” आणि तिनं एक पुडी कोमट दुधात सोडली. दही लागलं. त्या दह्याचं विरजण दुसऱ्या दिवशी, त्याचं तिसऱ्या दिवशी. आता, दोन-चार विरजणांनंतर त्या भांड्यात पुडीतले पाहुणे उरले, की घरचे जुनेच जंतू हातपाय पसरून बसले, हे कुणी सांगावं? पण चव उत्तम होती.

विरजणाची आपल्याकडे एक रीत आहे. मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत, फक्त दिवेलागणीनंतर देत नाहीत. तेव्हा दिवसाउजेडी वाट्या घेऊन बाया यायला लागल्या. ‘लिव्हरचं दही’ असं त्याचं नाव पडलं. मोहल्ल्यातून ते कोळसा खाणीच्या कॉलनीत गेलं. कुणी त्याची कढी करून उकळवायचं आणि जंतूंना शेवटची आंघोळ घालून निरोप द्यायचं. खुद्द सत्तार सकाळ-दुपार त्याची लस्सी प्यायचा, मोठा पेला, वर मलई, आत साखर. साखर काहून, तर म्हणे जंतूंना खायला. चालणं त्यानं दुसऱ्या आठवड्यातच सोडलं होतं. मिस्त्री पाइप सांधून राहिले असताना मालकानं कशाला पायपीट करायची?

आणि मी? मी घरी जेवताना मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणत होतो, “अलीकडे दही फार छान लागतं गं तुझं.” ती नुसती हसायची. एकदा तिसरी वाटी मागितली तेव्हा म्हणाली, “खा, खा. नसीमभाभीकडचं विरजण आहे. तुमच्याच दुकानातल्या पुडीचं. तुमच्या लिव्हरसाठी म्हणून मी मुद्दाम आणलं. तुम्हीच तर सांगितलं म्हणे सत्तारभाईंना.”

ती तिसरी वाटी मात्र मी संपवली.

खरं तर त्याच दिवशी उठून सत्तारकडे जायला हवं होतं. गेलो नाही. म्हटलं, दह्यानं कुणाचं वाईट होत नाही. आणि दुसरं कारण असं की लोक मला रस्त्यात थांबवून “तुम्ही शोधून काढलं म्हणे” असं विचारायला लागले होते. मी “छे छे” म्हणायचो, पण अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला खात्रीच पटावी.

चार महिने संपले. मे महिना, वणीत डांबर बुटाला चिकटत होतं. आम्ही दोघं पुन्हा तपासून रिपोर्ट घेऊन मॅडमकडे बसलो. मॅडमनी आधी सत्तारचा कागद पाहिला, मग त्याला वजनकाट्यावर उभं केलं, मग पुन्हा कागद पाहिला.

“चाचा, वजन चार किलो वाढलं. लिव्हरचे आकडेही वाढलेत. शुगरची गोळी घेता ना?”

सत्तार पुन्हा वजनकाट्याकडे बघायला लागला.

“चाचा?”

“मधल्या दिवसात बंद केली होती, मॅडम. म्हटलं दही चालू हाये तं...”

“कसलं दही?”

सत्तारनं सगळं सांगितलं. मिस्त्री, पाइप, लस्सी, सगळं. मॅडमचा चेहरा बदलत गेला. “हे तुम्हाला सांगितलं कोणी?”

मी मॅडमच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र अभ्यासत होतो. लिव्हरचं चित्र त्याच्याच शेजारी होतं, तिकडे बघवत नव्हतं.

“असाच एक जण भेटला होता,” सत्तार म्हणाला. “ड्रायव्हर होता. हैदराबादकडचा. आता नाही येत इकडे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सत्तारला म्हणाल्या, “हे बघा, प्रोबायोटिकबद्दल आशा आहे, मी नाही म्हणत नाही. उद्या कदाचित मदतीचं औषध म्हणून वापरूही. पण आज तुमच्या लिव्हरला वाचवणारी गोष्ट तुमच्या पायांत आहे. अजून चार महिने देते. तेव्हाही असंच असेल, तर लिव्हर किती कडक झालं ते बघायला नागपूरला पाठवावं लागेल.”

बाहेर आलो. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं तिकडे न बघता पुढे गेलो. निंबाच्या झाडाखाली सत्तार थांबला.

“मले मराचं भेव नाही वाटत बे,” तो म्हणाला. “पण मयतीत कोणी म्हणन, भावासारखाच लपून पेत होता. पोरीच्या सासरचे असतीन तिथी. मी तं मातीखाली. सांगाले येऊ शकन का मी, का बाप्पा, दारू नव्हती, लस्सी होती?”

त्याला हसू आलं, मला आलं नाही.

“सत्तार, तो हैदराबादचा ड्रायव्हर गाढव होता.”

“हाव. मले माहीत हाये. माझ्या बाकावर बसत होता शाळेत.”

“त्यानं तुला अर्धंच सांगितलं होतं.”

“मंग आता सांग उरलेलं. कोनी बाई येऊन नाही राह्यली.”

मी सांगितलं. तिथंच, उन्हात. की हे पक्कं नाही, पुडी गॅसची होती, वजन उतरल्याशिवाय काही खरं नाही, आणि शुगरची गोळी सोडणं म्हणजे तर आत्मघात. सत्तारनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे गाडी ओव्हरलोड, रेडिएटरात गाळ, आन् मी वरून भारीतला कूलंट टाकून राह्यलो होतो.”

सत्तावीस वर्षांत एवढं सोपं मला सांगता आलं नव्हतं.

“सकाळी साडेपाचले तयार राय,” तो म्हणाला.

“मी?”

“मंग काय हैदराबादचा ड्रायव्हर?”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात साडेपाचला ट्रकचा हॉर्न वाजायला लागला. ट्रक नाही, नुसता हॉर्न. सत्तारनं जुना प्रेशर हॉर्न एका छोट्या सिलिंडरला जोडून पिशवीत घालून आणला होता. पहिल्या दिवशी आख्खी गल्ली उठली. दुसऱ्या दिवसापासून मंदाच मला सव्वापाचला घराबाहेर काढायला लागली. निर्गुडा नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं. तो पुढं, मी मागं. पावसाळ्यात तो छत्री घेऊन यायचा आणि मी पावसाचं कारण घेऊन. तिकडे नसीमभाभीनं साखरेचा डबा शेजारी ठेवायला दिला. दही चालू राहिलं, पण वाटीभर, बिनसाखरेचं, ज्वारीच्या भाकरीशी. शुगरच्या गोळ्या मी त्याला आठवड्याच्या मोजून द्यायचो आणि पाकिटावर पेनानं लिहायचो : ‘आधी चालणे.’

लोकांचं दही सोडवणं जास्त जड गेलं. वाटी घेऊन निघालेल्या प्रत्येक बाईला मी दुकानातून हाक मारून उरलेलं अर्धं सांगायचो. आमची कीर्ती आठ दिवसांत ओसरली. एक आजी म्हणाल्या, “आधी तूच सांगतलं, आता तूच नाही म्हन्तं. तुह्या डोक्याची सोनोग्राफी कर बाप्पा.” मी त्यांना नमस्कार केला. निदान बरोबर होतं.

पावसाळा सरता सरता तिसरी तपासणी झाली. सत्तारचं वजन नऊ किलोंनी उतरलेलं. लिव्हर ग्रेड एक, रक्ताचे आकडे जवळजवळ जागेवर. मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. सत्तारनं विचारलं, “मॅडम, याच्यात दह्याचं काही हाये का नाही? खरं सांगा.”

“असेलही थोडं,” त्या म्हणाल्या. “नसेलही. पायांचं मात्र नक्की आहे.”

मग माझा कागद. ग्रेड एक. होतं तिथंच. सत्तारनं तो माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या कागदाशेजारी धरला आणि खूप वेळ बघत राहिला. शाळेपासून पहिल्यांदाच आमची बरोबरी झाली होती.

“मी सांगतो मॅडम, हा अर्ध्या रस्त्यातून वापस येते. म्हन्ते, दुकानाची किल्ली इसरलो.”

त्या दिवशी सत्तारनं रिपोर्ट चार घड्या घालून ठेवला नाही. गॅरेजच्या पत्र्याला, रेडिएटरच्या टाक्यांवर, खिळ्याला लटकवला. जाणारायेणारा वाचतो. ‘दारू : नाही’ असं मॅडमनी वर लिहिलेलं आहे, त्याखाली त्यानं ग्रीसच्या बोटानं रेघ ओढली आहे. रज्जाकभाईचा फोटो शेजारीच.

परवाचीच गोष्ट. एका कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर, माझ्यासारखाच गोल, तो कागद वाचत उभा होता. मी काउंटरवरून ऐकत होतो.

“चाचा, दह्यानं उतरलं म्हन्ते लिव्हर?”

“हाव, दही तं खाल्लंच,” सत्तार म्हणाला, “पण—” आणि तेवढ्यात मागं एक ट्रक वाफा सोडत येऊन थांबला. सत्तार पाना घेऊन त्याच्याकडे धावला. ड्रायव्हरनं खुशीत मान हलवली, आपल्या गाडीत चढला आणि गाडी सुरू केली.

माझ्यासमोर खोकल्याच्या औषधासाठी तिघं उभे होते. मी काउंटरची फळी उचलून बाहेर पडलो आणि धावत सुटलो. बसस्टँडच्या वळणावर गर्दीत ट्रक अडकला म्हणून सापडला. मी पायरीला धरून उभा राहिलो. बोलायला श्वास नव्हता.

“अर्धं... अर्धंच ऐकलं तुम्ही. नुसतं दही नाही. चालायचं रोज. वजन उतरवायचं. गोड बंद. ते आधी.”

ड्रायव्हरनं खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश नजर खाली नेली, पोटावर थांबवली.

“मंग तुम्ही काहून नाही करत, भाऊ?”

मी पायरी सोडून मागं सरलो. गर्दी हलली, ट्रक निघाला. मागून, गॅरेजच्या दारातून, पाना उंच धरून सत्तार ओरडत होता, “थांबू नोको बे शरद्या, पळत राय! तुझंबी उतरून राह्यलं!”